परातेसाहेबांची घंटी

रिटायर माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साचत जातात. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या बायको फेकून देते. किस्से फेकायला आम्ही रोज सकाळी साडेसहाला बगिच्यात जमतो.

नागपूरच्या बेसातली आमची कॉलनी, कॉलनीत एक छोटासा बगिचा आणि बगिच्यात सिमेंटचं एक बाक. त्यावर आम्ही चौघं. मी भोयर, टेलिफोन खात्यातला. मेश्राम इरिगेशनमध्ये ड्राफ्ट्समन होता. वानखडे वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनचा मॅनेजर. आणि पराते, नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालेला, म्हणून परातेसाहेब.

पोरं मिहानमधल्या नव्या कंपन्यांत नोकरीला लागतील म्हणून आम्ही बेसात घरं बांधली. पोरं मिहानच्या बाजूच्या एअरपोर्टवरून उडून गेली! मग त्यांच्यामागे आम्ही. कधी चार महिने, कधी वर्ष. बाकाचा एक नियम आहे. जो बाहेरदेशी गेला त्याच्या जागेवर कोणी बसायचं नाही. तिथं फोन उभा करून ठेवायचा आणि त्यात त्याचं तोंड.

लोक म्हणतात, परदेशात गेल्यावर म्हातारा माणूस आतून बदलतो. मी दोन महिने दुबईला मुलाकडे राहून आलो. माझं चार किलो वजन वाढलं. बाकी काही बदल झाला असेल तर बायकोनं अजून कळवलेलं नाही. पण या तिघांचं काहीतरी झालं. काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून किस्से सांगतो.

*

वानखडे भारी देवभक्त. रोज अकरा माळा जप. ऑस्ट्रेलियात मुलीच्या घरी सकाळी सगळ्यांची धावपळ, म्हणून हा माळ घेऊन बाहेर निघायचा. कोपऱ्यावर छान बाक दिसलं, वर छप्पर. तिथं डोळे मिटून बसला. पाच मिनिटांत समोर बस येऊन थांबली, दार उघडलं. तो बसस्टॉप होता!

ड्रायव्हर म्हणाला, "गुड मॉर्निंग." यानं हातानं 'जा, जा' केलं. दुसऱ्या दिवशी तीच बस, तोच ड्रायव्हर. आठ दिवस तो बिचारा रोज थांबतो, दार उघडतो, हसतो, जातो. नवव्या दिवशी वानखडेलाच शरम वाटली. चढला.

कुठं उतरायचं हेच माहीत नाही, म्हणून उतरलाच नाही. बस गावभर फिरून पुन्हा त्याच स्टॉपवर आली. मग रोजचंच झालं. ड्रायव्हरच्या मागची सीट. हिंदी, इंग्रजी, हातवारे, सगळं मिळून गप्पा. ड्रायव्हरची आई वृद्धाश्रमात होती, ते रस्त्यातच पडायचं. एक दिवस वानखडे तिथं उतरला आणि तासभर तिच्याजवळ बसून आला. पुढं रोज.

"बोलत काय होते गा तुम्ही?" मेश्रामनं विचारलं.

"काही नाही. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. मग दोघंही हासतो."

"अन् जप?"

वानखडे म्हणाला, "तीस वर्षं वाडीले ड्रायव्हर लोकांले मी केबिनच्या बाहेर उभं ठेवलं. आत एक स्टूल होता, पण बसू नाही दिलं. त्यांच्या कपड्याले ऑइल राहते ना. एवढा जप केला मी, अन् देवानं मले नेऊन ड्रायव्हरच्याच मागं बसवलं!"

आता सकाळी त्याच्या हातात माळ नसते. आम्हीही विचारत नाही.

*

मेश्रामचं उलटंच. त्याचा बाप छप्पन साली दीक्षा घेणाऱ्यांत होता, पायी आला होता गावाहून. मेश्राम स्वतः विहाराच्या कमिटीत वीस वर्षं. मुलाकडे जर्मनीला गेला तर शेजारच्या नवराबायकोला कळलं, हा माणूस नागपूरचा आणि बौद्ध. झालं! दोघं हात जोडून दारात. "आम्ही पुस्तकं वाचून ध्यान करतो. तुम्ही आम्हाला शिकवा."

मुलगा दुभाष्या. मेश्रामनं त्याला बाजूला घेतलं. "अबे, त्याईले सांग, मी कमिटीत होतो, पण माझं काम मांडवाचं अन् लाऊडस्पीकरचं!"

मुलानं काय सांगितलं कोण जाणे, ते दोघं आणखीनच वाकले. रविवारी सहा जण आले. मेश्राम मध्ये बसला. करायचं काय? हा माणूस म्हणजे आवाज. 'हॅलो, हॅलो, माईक चेक' करत आयुष्य गेलेलं. डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि गप्प बसला. अर्धा तास. लोकांना वाटलं, वा, काय गुरू आहे!

"अन् तुझ्या मनात काय चालू होतं?" मी विचारलं.

"पहिले तं वाटलं, हे कधी उठतील. मग बाप दिसला गा. आमच्या घरी संध्याकाळी तो असाच बसायचा भिंतीले टेकून. मले वाटे, थकला असन. मी रेडिओ लावून देत होतो. मोठ्ठ्यानं."

हे सांगून तो उठला आणि दोन चकरा मारून आला. मेश्राम सहसा चकरा मारत नाही.

*

आता पराते. ह्यात आम्ही तिघंही तीन महिने श्वास धरून होतो, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

पराते मूळ उमरेडचा, विणकरांच्या घरातला. शिकला, कारकून झाला, चढत चढत नायब तहसीलदार. रिटायर झाला तेव्हा ऑफिसच्या लोकांनी शाल दिली, श्रीफळ दिलं आणि प्रेमानं त्याच्या टेबलावरची पितळी घंटी दिली. वरून थाप मारली की टिंग वाजणारी. चूक केली त्यांनी!

साहेबानं ती घरी हॉलमधल्या टीपॉयवर मांडली. एक टिंग म्हणजे पाणी. दोन म्हणजे चहा. तीन म्हणजे चष्मा, पेपर, रिमोट, जे काय सापडत नसेल ते. आणि शकुंतलावहिनी येत. पोळी तव्यावर असो, डोक्याला तेल लावलेलं असो, त्या येत. तीन गच्च्या ओलांडून ती घंटी आमच्या घरी ऐकू यायची. माझी बायको म्हणायची, "दोन वाजल्या. साहेबाचा चहा झाला. तुमचा तुम्ही करता का?"

एकदा वहिनी माहेरी लग्नाला गेल्या. साहेबाचा मला फोन. "भोयर, आमच्या घरी साखर कुठं राहते गा?"

"माझ्या घरची मला माहीत नाही, तुझ्या घरची कशी सांगू!" मी म्हटलं. आम्हीही काही कमी नव्हतो.

मी एकदा त्याला छेडलं, की बायकोला घंटी मारतोस, शरम नाही वाटत? तो म्हणाला, "आमच्या घरी बाईले हाक मारायची पद्धतच नाही. माझा बाप मागावर बसे. माग थांबला की माय समजून जाय अन् येऊन जाय. त्यानं कधी तिले आवाज नाही दिला."

वहिनी पाणी ठेवायला आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासमोर बोलल्या. "माग थांबे तो धागा तुटल्यावर. सासूबाई येत, अन् दोघं मिळून तो धागा जोडत. तुमचा कोणता धागा तुटते हो?"

साहेब हसला. आम्हीपण हसलो. आता आठवलं की लाज वाटते.

*

मुलीनं दोघांना कॅनडाला नेलं. साहेबानं बॅगेत घंटी घेतली! वहिनींनी लोणच्याच्या बरण्या काढून ठेवल्या वजनासाठी, पण घंटी गेली.

बाकावर त्याच्या जागी फोन आला. आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र, जेवणं झालेली. एक दिवस फोनमधून भांड्यांचा खणखणाट.

"वहिनी भांडे घासून राहिली का रे?" मेश्राम.

"नाही. मी."

आम्ही तिघं एकदम फोनवर वाकलो. खरंच! नळाजवळ फोन टेकवलेला आणि साहेबाच्या कोपरापर्यंत फेस.

झालं होतं असं. बर्फावरून पाय घसरून वहिनींचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. मुलगी-जावई ऑफिसला गेले. साहेबानं सवयीनं टिंग केलं आणि वहिनी सवयीनं आल्या! उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात ग्लास, अर्धं पाणी सांडलेलं. "अजून आणते," म्हणाल्या.

"भोयर, मले तं पाणी पेववलंच नाही," साहेब मला म्हणाला. "तो ग्लास धुतला. मग वाटलं, बाकीचेही धुऊन टाकू. चार प्लेटी अन् एक कुकर, दोन तास लागले. पन्नास वर्षांत मी तिचा हात नीट पाहिलाच नव्हता गा. प्लास्टरमधून बोटं दिसत होते. फुगलेले."

एवढं बोलून त्यानं नळ मोठा केला.

पुढं शेजारच्या एका म्हातारीनं त्याला लायब्ररीत ध्यानाला नेलं. दर मंगळवारी. मेश्राम उखडला. "इतके वर्षं मी याच्या उशाशी राहून राहिलो, दीक्षाभूमी गावात, अन् ह्याले कॅनडात जाऊन समजलं का!"

"तिकडं एक गंमत आहे," फोनमधून साहेब म्हणाला. "ध्यानाच्या आधी ते लोक पण घंटी वाजवतात. पण तिथं घंटी वाजली का सगळे बसतात. मी आजवर लोकांले घंटीनं उठवलंच ना बे."

*

पण दीड वर्षानं त्याला नागपूर आठवायला लागलं. बाक, आम्ही, बर्डीच्या बाजारातली गर्दी, तर्रीपोहे. कायमचं परत यायचं म्हणाला. वहिनी म्हणाल्या, मी येत नाही.

त्यांनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं ते असं. "तिकडे ते साहेब होते, इकडं माणूस झाले. मले हा माणूस पटते वं. नागपूरच्या मातीत पाय ठेवल्याबरोबर तो साहेब परत उठून बसन तं मी काय करू? माझ्यात आता ताकद नाही."

शेवटी वहिनींनीच तोड काढली. तीन महिने जायचं. घंटी टीपॉयवर, होती तिथंच ठेवायची. तीन महिन्यांत एकदाही वाजली नाही तर दोघं नागपुरात राहतील. वाजली, तर वहिनी त्याच आठवड्यात परत. एकट्या. त्यांचं परतीचं तिकीट काढलेलं होतं आणि ते घंटीखालीच ठेवलं होतं, घडी करून!

नोव्हेंबरात आले. आम्ही भेटायला गेलो आणि हॉलमध्ये कुठं बघावं हे कोणालाच समजेना. वानखडेनं हळूच घंटीवर पेपर टाकला. साहेबानं काढला. "झाकून ठेवली तं परीक्षा कशाची?" आणि आत जाऊन स्वतः चहा करून आणला. साखर जास्त झाली होती. आम्ही प्यायलो बाप्पा.

एका महिन्यानंतर चौकातल्या टपरीवर उभे होतो. बोलण्याच्या नादात साहेबाचा हात वर गेला, दोन बोटं, जुना आवाज. "ए, चार चहा! जल्दी!" टपरीवाला धावतच आला. त्याच्या हातातला ट्रे साहेबानंच घेतला, आम्हाला कप दिले, रिकामे कप परत नेऊन ठेवले.

"गेला नाही गा तो," मला म्हणाला. "साहेब. आतच बसून आहे."

दुसऱ्या महिन्यात त्यानं स्वयंपाकघरातले डबे नव्यानं मांडले आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तूर. चणा. साखर. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "मले माझ्याच घरात डबे सापडून नाही राहिले!" पण म्हणताना हसल्या, असं बायको म्हणते.

*

तीन महिने भरायला चार दिवस बाकी होते. वहिनी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. साहेबानं डायबेटिसची गोळी घेतली होती आणि वहिनी आल्यावर सोबत जेवू म्हणून तसाच सोफ्यावर बसला होता. साखर एकदम उतरली. घाम फुटला, हात थरथरायला लागले, हाक मारायला आवाज निघेना. मोबाईल बेडरूममध्ये. घंटी हाताशी. एक वीत.

त्यानं वाजवली नाही.

भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेला. डबा काढला, झाकण उघडलं, मूठ तोंडात कोंबली आणि खाली बसला. वहिनी आल्या तेव्हा फरशीवर, ओठांना साखर, शर्टावर साखर, मुंग्या लागलेल्या. वहिनींची किंकाळी आमच्या घरी ऐकू आली. मी चपला न घालता पळालो.

डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. वेळेवर साखर खाल्ली म्हणून वाचले, म्हणाले.

मग वहिनी बोलल्या. पन्नास वर्षांचं सगळं त्या दिवशी बोलल्या. "आयुष्यभर फालतू कामाले वाजवली! चष्म्याले वाजवली, पेपरले वाजवली! अन् खरंखुरं काम होतं तेव्हा नाही वाजवली? मेले असते म्हणजे? काहून नाही वाजवली?"

"तू जाशील म्हणून," साहेब म्हणाला.

"असे मेले असते तं मी कुठं राहिली असती? हा बदल नाही हो, हा हट्ट आहे! साहेबाचाच हट्ट!"

असं म्हणून त्या रडायला लागल्या, पदर तोंडाला लावून.

मेश्राम बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वहिनी बराबर बोलल्या. वाजवीनच म्हणणारा अन् वाजवणारच नाही म्हणणारा, दोघांच्याही डोक्यात घंटीच ना गा."

रात्रभर मला झोप नाही आली. तीन महिने जमवलेलं एका मुठीनं पुसलं गेलं की उलट त्याच मुठीनं जमलं, मला ठरवता येईना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "ते शकुंतला ठरवन. तुम्ही झोपा."

सकाळी बाकावर न बसता आम्ही तिघं सरळ साहेबाच्या घरी गेलो. तो सोफ्यावर, अंगावर शाल. टीपॉयवर घंटी, घंटीखाली तिकीट. वहिनी आमच्याशी बोलल्या नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पातेल्याचा आवाज, गॅसचा आवाज. म्हणजे पाच जणांचा चहा. मग डब्यांचा आवाज, म्हणजे चिवडा. मग पुन्हा पाणी. त्या आत नुसत्या फिरत होत्या.

साहेब ऐकत होता. त्यानं हात पुढे केला. आम्हाला वाटलं, पेपर घेतो. त्यानं तळवा घंटीवर ठेवला.

"साहेब!" वानखडे उठलाच.

टिंग.

आतले सगळे आवाज थांबले. वहिनी दारात आल्या. हातात चमचा, डोळे सुजलेले. घंटीकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"काय पाहिजे?"

"काही नाही," साहेब म्हणाला आणि सोफ्यावर सरकून त्यानं बाजूला जागा केली. "बस वं जरा."

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. चांगला वेळ. मग आल्या आणि बसल्या. चमचा हातातच होता.

आत चहा उतू गेला. मेश्राम उठून गॅस बंद करायला गेला.